उज्वलाआत्याचं उट्टं

द्वारकेच्या चौकातून आत वळलं की पहिल्याच गल्लीत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर उज्वला पगार ब्लाउज शिवते. शिवणकामात तिचा हात धरेल अशी बाई त्या भागात नाही, आणि डूख धरण्यात तर सबंध नाशकात नसेल. लग्नात मानाची साडी हलकी दिली म्हणून एका चुलत जावेशी तिनं जो अबोला धरला, तो जाऊबाई आजी झाल्या तरी सुटला नाही. नवरा भिमाजी मनमाडला रेल्वेत. रोज सकाळी जातो, संध्याकाळी येतो, आणि मधल्या वेळात बायकोनं कुणाशी काय काढलंय याची चौकशी न करण्याइतका शहाणा आहे. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. घरात उरलं शिलाई मशीन, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं आणि उज्वलाचे जुने राग.

त्यातला सगळ्यात मोठा राग पूजावर. पूजा म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, दीपकची बायको. दीपक दिंडोरीकडं एका वायनरीत सुपरवायझर आहे, राहायला पाथर्डी फाट्याला. पूजा घरबसल्या मोबाइलवर साड्या विकायची. साडी अंगावर टाकून, कॅमेऱ्यापुढं गोल फिरून, गोड बोलून. बाई कष्टाळू होती, हे उज्वलाही नाकारत नाही. पण त्या मोबाइलपुढं तिला माणूस माणूस दिसायचं नाही.

धाकट्या भाच्याच्या बारशात ते घडलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं वाकून कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. उज्वलानं नाव मोठ्या विचारानं काढलं होतं. माहेरचं कुलदैवत खंडोबा, म्हणून मल्हार. कुंचीही स्वतः शिवली होती. ती पाळण्यात वाकली, नाव सांगितलं, आणि पूजाच्या बहिणींनी असे काही धपाटे घातले की पदरात पाय अडकून उज्वला तोंडावर आपटली, ती थेट घुगऱ्यांच्या पातेल्यात. वर उठली तेव्हा गालाला हरभरे चिकटलेले, एक नाकावर, अंबाडा सुटलेला. सगळे हसले. उज्वलाही हसली. घरचं हसणं होतं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी त्याची रील झाली. उज्वला पडतेय, उठतेय, पुन्हा पडतेय, हळू वेगात, मागं म्हशीचं हंबरणं आणि वर पिवळ्या अक्षरात ‘आत्याचं लँडिंग’. पूजाच्या साड्यांची गिऱ्हाइकं गावोगाव पसरलेली, त्यांनी ती पुढं पाठवली, त्यांच्या ओळखीच्यांनी आणखी पुढं. माप द्यायला आलेली एक कॉलेजची मुलगी उज्वलाकडं टक लावून बघत राहिली आणि मग म्हणाली, “काकू, त्या म्हशीवाल्या रीलमध्ये तुम्हीच ना?” मनमाडला पुतण्याच्या हळदीत पोरांनी पातेलं मधोमध ठेवून तिची नक्कल केली आणि सासरची माणसं पोट धरधरून हसली. भिमाजीनं कामावर काय ऐकलं ते त्यानं सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात एकदा तो डबा न उघडता परत घेऊन आला. उज्वलानं तो डबा धुताना जे दात-ओठ खाल्ले ते आजवर खातेय.

ती पूजाकडं गेली. रील काढ म्हणाली. पूजा म्हणाली, “अहो ताई, लोक प्रेमानं हसतायत. बघा तरी किती जणांनी पाहिलीय. माझ्या साड्यांची एवढी ऑर्डर कधी आली नव्हती.” दीपक सोफ्यावर मोबाइल बघत पडला होता. त्यानं मानही वर केली नाही. “जाऊ दे ना ताई, एवढं काय त्यात,” म्हणाला.

उज्वला जिना उतरून खाली आली आणि तिथंच तिनं ठरवलं. हिला रडवीन. कधी, कसं, ते माहीत नव्हतं. पण रडवीन, आणि ते माझ्या डोळ्यांनी बघीन.

ज्याला डूख धरता येतो त्याला थांबताही येतं. उज्वला थांबली. सणावाराला गेली, हसून बोलली, पूजाचे ब्लाउज वेळेवर शिवून दिले. आणि मल्हार चालायला लागून चांगला धावायला लागला तेव्हा, उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता, पूजाचा फोन आला. कॉलेज रोडला साड्यांचं दुकान घेतलं होतं. मुलांना सांभाळायला तिची आई यायची होती, तिचा गुडघा ऐन वेळी दुखावला. “ताई, सुट्टीपुरतं तुमच्याकडं ठेवता का तिघांना? सकाळी सोडते, संध्याकाळी नेते. तुमच्याशिवाय कुणावर विश्वास नाही हो माझा.”

“आणून सोड की,” उज्वला म्हणाली. “परकी आहे का मी?”

फोन ठेवल्यावर तिला गुदगुल्या झाल्या. पूजाची तिन्ही पोरं तिच्या हातात येणार होती. त्या दिवशी तिनं भिमाजीला शिरा करून घातला, आणि त्यानं कारण विचारलं नाही.

पोरं आली. थोरला रुद्र नववी देऊन आलेला, ओठावर लव फुटलेली, कानात इअरफोनची बोंडं, नजर मोबाइलमध्ये. मधली गार्गी आठ वर्षांची, तिच्याकडं पूजाचा जुना मोबाइल, त्यात कुणी अनोळखी पोरं खेळण्यांची खोकी उघडतायत ते बघत बसायची. आणि मल्हार. पूजा त्याला खाली ठेवता ठेवता म्हणाली, “जेवताना याला मोबाइल लावून द्या, पटापट खातो. नाहीतर तोंडच उघडत नाही.”

दुपारी उज्वलानं तसं करून पाहिलं. समोर मोबाइल, त्यात नाचणारी गाजरं, आणि मल्हारचं तोंड आपोआप उघडतंय, मिटतंय. भात आहे की भुसा, त्याला पत्ता नाही. घास भरवणारा हात कुणाचा, तेही बघायची त्याला गरज नव्हती. शेजारी गार्गी तशीच, पलीकडं रुद्र तसाच. घरात तीन पोरं असून आवाज एका पोराचा नाही.

तेव्हा उज्वलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पूजाचं सगळं घर या मोबाइलवर चाललंय. धाकटा त्याच्या जोरावर जेवतो, मधली त्याच्या जोरावर गप्प बसते, थोरला त्याच्या जोरावर खोलीत पडून असतो, आणि आई साड्या विकायला मोकळी. तोच काढून घेतला तर? पोरं अशी करून परत द्यायची की एकालाही मोबाइल देऊन गप्प बसवता येऊ नये. मग बस म्हणावं तिघांपुढं, विक साड्या.

पोरांचं भलं वगैरे तिच्या मनात अजिबात नव्हतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं गल्लीतल्या बायका तिचं फार कौतुक करायला लागल्या, आणि ती ते कौतुक लाजल्यासारखं करून ऐकून घ्यायची.

मल्हारपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यानं वाटी उडवली, दुसऱ्या दिवशी उज्वलाचा हात चावला. भुकेजला की दुधावर राहायचा आणि पुन्हा मोबाइल मागायचा. उज्वलाच्या एक गोष्ट लक्षात आली, की मोबाइल नुसता नजरेला पडला तरी पोरगं पेटतं. म्हणून तिनं स्वतःचा मोबाइलही अस्तराच्या कापडांच्या पेटीत टाकला. तिथं तिचं स्वतःचं नुकसान झालं. मशीन चालवता चालवता मोबाइलवर मालिका ऐकायची तिची सवय होती, ती सोडावी लागली. नायिकेचा नवरा जिवंत आहे की मेला हे न कळता तिनं दिवसच्या दिवस काढले. पण सूड म्हटला की एवढं सोसायचंच.

मग ती मल्हारला घेऊन गॅलरीत बसायला लागली. गॅलरीतून चौकाचा एक तुकडा दिसतो आणि त्यातून एसटी जातात. एक गाडी दिसली की एक घास. “मनमाडची आली, आ कर. ही बघ सिन्नरची. आता मालेगावची येईल, ती आली की वरणभात.” पहिले काही दिवस तो नुसता गाड्या बघायचा आणि तोंड मिटून घ्यायचा. मग एका दुपारी मालेगावची गाडी आली आणि त्यानं आपणहून तोंड उघडलं. उज्वलाच्या अंगावर काटा आला. पुढं पुढं तो चावून खायला लागला, मेथीची भाजी ओळखायला लागला, गाडी उशिरा आली तर आत्याच्या तोंडाकडं बघून “आली?” म्हणून विचारायला लागला. शब्दांच्या नावानं आनंद असलेलं ते पोर आता दिवसभर बडबडत होतं. ही गाड्यांची युक्ती उज्वलानं पूजाला सांगितली नाही. विचारलं तर म्हणायची, “काही नाही गं, खातो माझ्या हातनं.” कारण पाथर्डी फाट्याच्या त्या फ्लॅटमधून एसटी दिसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गार्गीचं वेगळं. आठ वर्षांच्या पोरीपासून मोबाइल लपवला तर ती शेजारणीकडं जाऊन बघेल, एवढं उज्वलाला कळत होतं. तिनं सांगितलं, “बघ. पण चहाच्या आधी, माझ्या शेजारी बसून, आणि एकच गोष्ट. संपली की मोबाइल बंद करून ती मला सांगायची, मी काजं करता करता ऐकते. सांगता आली नाही तर उद्या मोबाइलला सुट्टी.” खोकी उघडण्यात सांगण्यासारखं काय असणार? गार्गी दोन दिवस अडखळली, रडली, “बोअर होतंय” म्हणून जमिनीवर लोळली. उज्वलानं लोळू दिलं. लोळून कंटाळल्यावर पोरगी उठली आणि चिंध्यांची बाहुली करत बसली. मग ती आपणच गोष्ट असलेलं काहीतरी शोधायला लागली, आणि सांगता सांगता त्यात आपल्या पदरचं घालायला लागली. आता तिला ऐकणारं माणूस लागायचं. समोरचा नुसता हं हं करतोय हे तिला लगेच कळायचं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. उज्वला मनात म्हणायची, ऐक आता पूजाबाई, रोज संध्याकाळी दुकानातून दमून आल्यावर ऐक.

राहिला रुद्र. चौदा वर्षांच्या पोराच्या हातातून मोबाइल हिसकायला उज्वला खुळी नव्हती. तिनं त्याच्याशी तह केला. जेवताना मोबाइल पेटीत, तिचाही आणि त्याचाही. दुपारी चहापर्यंत त्याचा वेळ त्याचा, कुठला गेम, कुणाशी बोलतो, ती विचारणार नाही. आणि एक नियम तिनं वरून घातला. कुणाचाही फोटो किंवा व्हिडिओ काढला तर तो आधी ज्याचा असेल त्याला दाखवायचा, त्यानं नको म्हटलं तर तिथंच काढून टाकायचा. हा नियम तिनं पोरासाठी नाही, त्याच्या आईसाठी घातला होता. एक दिवस हाच पोरगा आईला तोंडावर विचारेल, या आशेनं.

नियम ऐकून रुद्र म्हणाला, “आत्या, मम्मीनं माझा पण टाकलाय.”

“काय टाकलाय?”

“सहामाहीत गणितात नापास झालो होतो. पप्पा बोलले, मी रडत होतो. मम्मीनं मागून शूट केलं. खाली लिहिलं, आमचा गणितज्ञ. वर्गातल्या सगळ्यांनी बघितलं. अजून गणितज्ञ म्हणतात मला.” तो खाली बघून बोलत होता. “म्हणून मी बोलत नाही कुणाशी. गेममधल्या पोरांना माहीत नाही ना.”

इथं एखाद्या शहाण्या बाईनं पोराला जवळ घेतलं असतं, आईशी बोल म्हणाली असती, फार तर स्वतः बोलली असती. उज्वलाच्या मनात आलंही तसं. पण त्याच्या डोळ्यांत तिला आपलाच राग दिसला आणि तिला बरं वाटलं. इतके दिवस ती एकटी जळत होती, आता जोडीला कुणीतरी होतं. ती म्हणाली, “विसरू नकोस. लोक म्हणतील विसर. आपण नाय विसरायचं.”

रुद्रनं मान डोलावली.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी तिनं दीपक आणि पूजाला जेवायला बोलावलं. पोरं न्यायची होती, सुट्टी संपली होती. पूजा नवी रेशमी साडी नेसून आली, दुकानाचे पेढे घेऊन आली, आणि पोरांकडं बघून खरंच हरखली. “ताई, मल्हार किती बोलतोय हो. काय जादू केलीत?”

“जादू कसली,” उज्वला म्हणाली. “तूच भरव आज त्याला. आई आहेस तू.”

तिनं आधीच गॅलरीचं दार लावून घेतलं होतं. ऊन येतं म्हणाली. ताटात वरणभात कालवून दिला आणि आपण स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. एवढे महिने जे मनात घोळवलं होतं ते आता समोर घडणार होतं, आणि त्यातला एकही क्षण तिला चुकवायचा नव्हता.

पूजानं घास पुढं केला. मल्हारनं तोंड फिरवलं. “गाडी,” म्हणाला.

“कसली गाडी, बाळा? हे घे, आ कर.”

“गाडी. आत्या, गाडी.” त्यानं बंद दाराकडं बोट केलं. पूजाला काही कळेना. तिनं दोनदा-तीनदा घास पुढं केला, मग सवयीनं पर्समधून मोबाइल काढून त्याच्या पुढं धरला. नाचणारी गाजरं सुरू झाली. मल्हारनं मोबाइल हातानं लोटून दिला आणि भोकाड पसरलं. “नको. आत्या. आत्या दे.” पूजा त्याला धरायला गेली तर तो तिच्या मांडीवरून निसटायला लागला, पाय झाडले, ताट उपडं झालं आणि वरण तिच्या साडीवर सांडलं. “अरे मी आहे ना, मम्मी आहे ना,” पूजा म्हणत होती, आणि पोर तिच्याकडं पाठ करून हमसून हमसून रडत होतं. दीपक खुर्चीत मोबाइल बघत होता. तो म्हणाला, “अगं, दे ना ताईकडं त्याला.” तेव्हा पूजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. थांबवायचा प्रयत्न केला तरी थांबेना.

उज्वलानं ते डोळे भरून पाहिलं. हरभरे, म्हैस, मनमाडची हळद, भिमाजीचा न उघडलेला डबा, सगळं फिटलं असं तिला वाटलं. ती आत गेली, साडी पुसायला ओलं फडकं घेतलं, आणि वळली तर मागं रुद्र उभा होता.

“आत्या,” तो हळूच म्हणाला. त्यानं मोबाइल पुढं केला. “सगळं घेतलंय मी. तुझ्यासाठी. परिवार ग्रुपवर टाकू? तुझा पण तिथंच टाकला होता ना.”

परिवार ग्रुप म्हणजे माहेर, सासर, मनमाड, सगळे. हे तर उज्वलानं मागितलंही नव्हतं. पोट धरून हसलेली तीच माणसं आता पूजाला हसणार होती. तिनं मोबाइल घेतला आणि व्हिडिओ लावला.

पूजा दिसली, तिचा तो केविलवाणा पुढं केलेला घास दिसला, मल्हारचं लाल झालेलं तोंड दिसलं. आणि कडेला, स्वयंपाकघराच्या दारात, एक बाई उभी दिसली. पदर खोचलेला, एक हात चौकटीवर. ती हसत होती. पोर जीव काढून रडत होतं, आत्या दे म्हणून हाक मारत होतं, आणि ती जागची न हलता हसत होती.

बारशाच्या रीलमध्ये उज्वला बावळट दिसली होती. इथं ती वाईट दिसत होती. तिनं व्हिडिओ मागं घेतला, पुन्हा पाहिला. कुणी काही जोडलेलं नव्हतं, मागं म्हैस नव्हती. तो तिचाच चेहरा होता.

“टाकू ना?” रुद्र विचारत होता. त्याच्या तोंडावरही हसू होतं.

“आपला नियम काय ठरलाय?” उज्वलानं विचारलं.

“आत्या, पण मम्मीनं कधी...”

“नियम काय ठरलाय?”

“ज्याचा असेल त्याला आधी दाखवायचा,” रुद्र नाराजीनं म्हणाला.

“मग चल.” ती बाहेर आली. मल्हार मुसमुसत गार्गीला चिकटून बसला होता. गार्गी त्याला काहीतरी सांगत होती. उज्वलानं ओलं फडकं पूजाच्या हातात दिलं आणि मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला. “रुद्रनं काढलाय. ग्रुपवर टाकू का म्हणतो. तू बघ आणि सांग.”

पूजानं पाहिला. दीपकनं पहिल्यांदा आपला मोबाइल खाली ठेवला आणि बायकोच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. व्हिडिओ संपता संपता पूजानं तो थांबवला, कडेचा चेहरा बोटांनी मोठा केला.

“ताई, तुम्ही हसताय.”

“हो.”

“मुद्दाम केलंत हे?”

“मुद्दाम केलं. गाड्या बघत जेवायची सवय मी लावली त्याला. दार मी लावलं. तुला सांगितलं नाही. सबंध सुट्टी याच दिवसासाठी काढली मी.” उज्वलाचा आवाज चढला होता. “तुला रडताना बघायचं होतं मला.”

दीपक काहीतरी बोलायला गेला. पूजानं त्याला हातानं थांबवलं. तिची नजर त्या थांबलेल्या चित्रावरच होती.

“बारशात मी पण अशीच हसत होते,” ती म्हणाली. “मी मोबाइलच्या मागं होते, म्हणून कुणाला दिसले नाही.”

पूजा कधीतरी माफी मागेल तेव्हा तिला काय काय सुनवायचं, याची उज्वलानं बारशापासून तयारी केली होती. त्यातलं एकही वाक्य तिला आता सापडेना. तिनं पूजाला माफ केलं असंही नाही. राग तिथंच होता, तसाच्या तसा. फक्त तो आता आपल्यावरही आहे हे तिला कळलं आणि त्याचं काय करायचं ते कळेना. तिनं उठून गॅलरीचं दार उघडलं.

“आण त्याला इकडं,” ती पूजाला म्हणाली. “गाडी दिसली की एक घास. तुमच्या तिकडं एसटी दिसत नाहीत, तर दुसरं काहीतरी बघ, कबुतरं बघ, सिमेंटच्या गाड्या बघ. पण त्याच्याशी बोलावं लागतं. नुसतं भरवून चालत नाही.”

पूजा वरणाची साडी सावरत मल्हारला घेऊन गॅलरीत बसली. “ही कुठली आली?” तिनं घाबरत विचारलं. मल्हारनं आधी आत्याकडं पाहिलं, मग आईकडं. सिन्नरची गाडी निघून गेली. तोंड काही उघडलं नाही.

“घाई नको करू,” उज्वला म्हणाली. “मला लय दिवस लागले.”

रुद्र अजून खोलीच्या मधोमध उभा होता. मोबाइल त्याच्या हातात परत आला होता. त्यानं व्हिडिओ काढून टाकला, पण बोट जोरात आपटून, पाहुण्यासमोर दार आपटावं तसा. मग उज्वलाजवळ येऊन तो इतक्या हळू बोलला की फक्त तिलाच ऐकू आलं.

“तुमचं मिटलं, आत्या. माझं काय?”

उज्वलानं त्याच्याकडं पाहिलं. विसरू नकोस म्हणून तिनंच सांगितलं होतं, आणि पोरगा शब्दाला जागला होता. त्याला आता विसर म्हणायला तिला तोंड नव्हतं.

“आमचं मिटलं असं कुणी सांगितलं तुला?” ती म्हणाली. मग तिनं त्याला हाताला धरून गॅलरीच्या दाराशी नेलं, स्टूल ओढून दिलं आणि त्याच्या शेजारी आपण जमिनीवर बसली. “तिचं भरवून होऊ दे. मग तो गणिताचा व्हिडिओ तिला दाखव आणि तुला काय झालं ते सगळं सांग. मी इथंच बसलेय. ती ऐकेपर्यंत हलत नाही.”